आग्रह करू नये ही विनंती

सोलापूर
४ डिसेंबर २०२४

मामू, सलाम.

फोन ठेवला आणि लिहायला बसले. म्हणजे फोन तुम्हीच ठेवलात. मी एवढंच विचारलं होतं की सव्वीस जानेवारीला पाणी समितीचं अध्यक्षपद खरंच सोडणार ना, तर तुमच्याकडं लगेच "आवाज तुटतोय गं, आवाज तुटतोय" सुरू. मागून मामीचा आवाज मात्र नीट ऐकू येत होता. ती म्हणत होती, "कुटं तुटतोय?"

म्हणून पत्र. शिवाय तुमचीच तक्रार आहे की. एकतीस वर्षं हालगेवाडीत डाक वाटली, गावभर पत्रं पोचवली, पण मकदूमच्या नावानं कधी एक ओळ आली नाही. घ्या, आली.

आता कामाचं. आमच्या ग्रुपसाठी मी एकांकिका लिहितेय. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत इंग्रजांच्या विरुद्ध जी माणसं उठली त्यांची. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स. हसू नका. सोलापुरात बसून अमेरिकेचं काय लिहितेस असं अब्बा विचारून झालेत. वॉशिंग्टन आमचा सिद्धलिंग करतोय. तो टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, त्यामुळं सगळ्या पुढाऱ्यांचे पांढरे केस आम्ही डागी टॉवेलांचे शिवलेत. लांबून झकास दिसतात. जवळून अंघोळीला निघाल्यासारखे.

अडलंय एका प्रसंगावर. लढाई जिंकलीय, फौज वॉशिंग्टनच्या शब्दावर चालतेय, मनात आणलं असतं तर राजा झाला असता. पण तो सभेपुढं जातो, सेनापतीच्या नेमणुकीचा कागद परत देतो आणि घरी जातो. हे खरं घडलंय, १७८३ साली. आणि हाच प्रसंग सिद्धलिंगला जमत नाही. तो खुर्चीतून उठतो ते एसटी लागल्यासारखा.

खुर्ची सोडणारा माझ्या ओळखीचा माणूस एकच. टाकीचं उद्घाटन झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते, पुढच्या रांगेत होते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता, "दोन पाळ्या करीन, मग उठीन." दहा वर्षांत दोन्ही झाल्या. तर उठताना आतून कसं वाटतं, ते जरा सविस्तर लिहून कळवा. सिद्धलिंगला वाचून दाखवते.

तुमची,
माहेनूर


हालगेवाडी
१२ डिसेंबर

चि. माहेनूर हिस मकदूम मामूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तिकीट तिरकं लावलंयस आणि पिनकोडातला एक सातासारखा काढलायस. तरी पोचलं, म्हणजे पोस्टात अजून कोणतरी माझ्यासारखा हाय म्हणायचा.

उठणार का म्हणून इचारतीस. व्हय, उठणार. मकदूम एकदा बोलला म्हणजे बोलला. पण गाव काय म्हणतंय ते बी बगाय पायजे की. परवा शंकरप्पा दारात आला आन् म्हणाला, भाऊ, तुमी उठला तर आमी कुणाच्या तोंडाकडं बगायचं? आता शंकरप्पा म्हणजे साधा माणूस न्हाय, सोसायटीचा माजी चेरमन हाय. असं सगळं गावच म्हणाय लागलं तर माणसानं काय करायचं? गावाचं मन मोडायचं का? तुज्या वॉशिंग्टनला गाव नव्हतं, त्याला नुसता देश हुता. देशाला न्हाय म्हणता येतं. गाव दारात येऊन बसतं.

आतून कसं वाटतं म्हणशील तर बरं वाटतं. सकाळी साडेपाचला व्हॉल्व सोडाय जावं लागायचं न्हाय. निवांत.

एक काम कर. उठायचं भाषण तू लिहून दे. लांबड लावू नको, झेंडा झाल्यावर लोकांचं ध्यान जिलेबीकडं असतंय. पण असं लिही की बायकांनी पदर डोळ्याला लावला पायजे. आन् 'आता मी उठतो' हे वाक्य शेवटाला घाल, मोठ्या अक्षरात. का ते इचारू नको.

मकदूम

(माहे, मी इमामबी मामी. पत्र पेटीत टाकायला माज्याकडं दिलंय म्हणून खाली लिहिते. शंकरप्पा आपणहून आला नव्हता. ह्यांनी त्याला दोनदा च्या पाजला, तवा म्हणाला. आन् तुज्या त्या वॉशिंग्टनच्या घरी पाणी कोण भरत हुतं ते कळव.)


सोलापूर
१९ डिसेंबर

मामू आणि मामी, दोघांना सलाम.

आधी मामीचं उत्तर. मामी, हा प्रश्न आमच्या ग्रुपमधल्या एकालाही सुचला नव्हता. वॉशिंग्टनच्या घरी पाणी गुलाम भरत होते. मळ्यावर शंभराच्या वर गुलाम माणसं होती. स्वातंत्र्य, स्वातंत्र्य म्हणत ज्यानं आठ वर्षं लढाई केली त्याच्या घरात. मृत्युपत्रात स्वतःच्या गुलामांना मोकळं करा म्हणून लिहून ठेवलं त्यानं, पण तेही बायको वारल्यावर. तुझा प्रश्न मी नाटकात घातला. एक बाई हंडा घेऊन मधेच येते आणि विचारते. तिला कोणीच उत्तर देत नाही. सिद्धलिंग म्हणतो, आता मला उठायला आणखी अवघड जातंय.

ॲडम्सच्या बायकोचं पण ऐक. तिनं नवऱ्याला पत्रात लिहिलं, तुम्ही नवे कायदे करताय तर बायकांची आठवण ठेवा. नवऱ्यानं लिहिलं, तुझं वाचून मला हसूच आलं. एवढा मोठा देशभक्त!

आता मामू. 'आता मी उठतो' हे शेवटी का हवंय ते मला कळलं. तुम्ही आमच्याकडं जेवायला येता तेव्हा अम्मी दुसरी भाकरी वाढायला येते. तुम्ही ताटावर हात आडवा धरता, "नको, नको." अम्मी म्हणते, असं कसं. तुम्ही म्हणता, पोट भरलं. अम्मी म्हणते, अर्धी तरी. तिसऱ्यांदा हात आपोआप बाजूला होतो आणि भाकरी अख्खी पडते. एकदा अम्मी गडबडीत होती, पहिल्या नकोलाच आत निघून गेली, तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिलाय.

ग्रामसभेत तुम्हाला तीच भाकरी हवीय. खरं की नाही?

खोटं असेल तर रागवा. खरं असेल तर फ्रँकलिनची गंमत सांगते. तो डाकेतला माणूस होता. इंग्रजांच्या राज्यात अमेरिकेची डाक तोच बघायचा. त्याला इंग्रजांनी काढून टाकलं, तर पुढच्या वर्षी आपल्या लोकांनी नव्या देशाच्या डाकेचा मुख्य म्हणून त्यालाच नेमलं. म्हणून म्हणते, खुर्ची गेली तरी माणूस राहतो.

तुमची,
माहेनूर


हालगेवाडी
२७ डिसेंबर

चि. माहेनूर,

डाकेतला माणूस! हे आधी का न्हाय सांगितलंस? वॉशिंग्टन घेऊन बसलीस उगंच. मी हितल्या शाळेतल्या गुरुजींना फ्रँकलिनचं इचारलं, त्यांनी मोबाइलात बगून सांगितलं. देशाची घटना करायला सभा भरली तवा फ्रँकलिन एक्याऐंशी वर्षांचा हुता आन् सभेत हजर हुता. एक्याऐंशी! मी एकाहत्तर. मग आता बोल. तुज्याच नाटकातला माणूस माज्या बाजूनं हाय.

भाकरीचं लिहिलंस ते खरं हाय. मी काय चोरी करतोय काय? आपल्याकडं पद्धतच हाय ती. माणसानं आपणहून खुर्ची धरून बसणं वाईट दिसतंय. नको म्हणायचं. लोकांनी आग्रह करायचा. तीनदा नको म्हटल्यावर मान खाली घालून, बरं बाबा, तुमचा शब्द, म्हणून बसायचं. आपली बी अब्रू राहती, लोकांची बी. शंकरप्पाला सांगून ठेवलंय. 'आता मी उठतो' म्हटलं की त्यानं उभं राहून 'असं कसं, भाऊ' म्हणायचं. त्याच्यामागं बाळासो. तिसरा कोणतरी आपोआप निघतोय. ह्यात कुणाचं काय वाईट हाय?

आन् दुसरा कोण करणार हे काम, सांग की. सात गल्ल्या हायेत. कुटला व्हॉल्व किती आटे फिरवायचा, वरच्या आळीला दाब कदी चढतो, कुटल्या गल्लीला किती वेळ, हे कागदावर न्हाय, हितं हाय, माज्या डोक्यात. मला रोज चाळीस फोन येतात. पाणी आलं न्हाय म्हणून येतात, पाणी आलं म्हणून बी येतात. ते बंद झाले म्हणजे दिवसभर काय करायचं? रिटायर झालो तवा एक सहा महिने बसून काडले, तुला ठाव न्हाय ते.

असो. भाषण लवकर धाड. पाठ कराय वेळ लागतो.

मकदूम


हालगेवाडी
३० डिसेंबर

माहे,

हे पत्र मी एकटीनं लिहितेय. ह्यांना ठाव न्हाय.

ह्यांनी तुला मे महिन्याचं लिहिलं न्हाय ना? लिहिणार बी न्हाईत. मे महिन्यात डोळ्याचं आपरेशन केलं, तुमच्याकडं सोलापुरात चार दिवस राहिले, आठवतंय? व्हॉल्वची किल्ली ह्यांच्याच पिशवीत हुती. कुणाला दिली न्हाई. डोळ्याला पट्टी आन् उशाला किल्ली. चार दिवस गावात पाण्याचा थेंब न्हाय. बायका माळावरच्या हिरीवर गेल्या. शेजारच्या गल्लीतली शिवबाई, तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तिनं चार दिवस डोक्यावर पाणी आणलं, उन्हाचं. समितीत तिचं नाव हाय बग. कागदावर सहा बायका हायेत. मिटिंगला त्यांचे नवरे जातात.

हे परत आले तर लोक एसटीला आडवे गेले. ते बगून ह्यांची छाती अशी फुगली. घरी येऊन मला म्हणाले, बगितलंस का, माज्यावाचून गाव कोरडं. मी त्या दिवशी ह्यांना जेवाय वाढलं पण बोलले न्हाय.

माणूस वाईट न्हाय. पावसात, तापात, ईदच्या दिवशी सुद्धा व्हॉल्व सोडायला गेलेत. ते चार दिवस सोडले तर दहा वर्षांत एक दिवस चुकवला न्हाय. म्हणूनच कोण काय बोलत न्हाय.

भाषण लिहिशील तर हे ध्यानात ठेव. मी सांगितलं म्हणू नको.

मामी


सोलापूर
८ जानेवारी २०२५

मामू, सलाम.

फ्रँकलिनच्या बाबतीत तुम्ही जिंकलात. एक बारीक गोष्ट गुरुजींच्या मोबाइलात आली नसेल. त्या सभेला जाताना त्याला खुर्चीत बसवून माणसं उचलून नेत असत, पाय फार दुखायचे म्हणून. तुमचं तसं झालं तर शंकरप्पा आणि बाळासो पुढून धरतील, मागून कोण धरणार ते आत्ताच ठरवून ठेवा.

भाषण खाली लिहिलंय. तुम्ही सांगितलं तसंच. पदर डोळ्याला लागतो का ते अम्मीवर तपासलं. लागला.

"मंडळी, टाकी झाली तेव्हा मी म्हणालो होतो, दोन पाळ्या करीन आणि उठीन. दोन पाळ्या झाल्या.

सातासमुद्रापलीकडं एक सेनापती होऊन गेला. लढाई जिंकली तेव्हा सगळी फौज त्याच्या हातात होती. त्याला कोण अडवणार होतं? पण त्यानं नेमणुकीचा कागद सभेला परत दिला. काम तुमचं होतं, मला करायला दिलंत, झालं, आता घ्या. एवढं म्हणून तो घोड्यावर बसला आणि घरी गेला.

मेमध्ये मी चार दिवस गावात नव्हतो आणि गाव चार दिवस कोरडं राहिलं. मला तेव्हा तो माझा मोठेपणा वाटला. ती माझी चूक होती.

पाणी तुमचं आहे. मी नुसता ते सोडत होतो. मी नको म्हणतोय ते रीत म्हणून नाही. मला आग्रह करू नये ही विनंती. आता मी उठतो."

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलंय, बघा.

तुमची,
माहेनूर


(पोस्टकार्ड)
हालगेवाडी, १४ जानेवारी

भाषण मिळालं. मे महिन्याचा परिच्छेद खोडलाय. तुला कुणी सांगितलं ते बी कळलं, ती आता सैपाकघरात भांडी आपटतीय. बाकी भाषण झ्याक. आग्रह करू नये ही विनंती, हे लईच बेस. असं म्हटल्यावर लोक जास्तच करणार. सव्वीसला नवा सदरा घालतोय. मकदूम.


(पोस्टकार्ड)
सोलापूर, ३० जानेवारी

मामू, काय झालं? फोन उचलत नाही. एकदा उचललात तर मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच आवाज तुटला. भाकरी पडली की नाही पडली? माहेनूर.


(पोस्टकार्ड)
सोलापूर, ५ फेब्रुवारी

मामू, रागावलाय का? रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा. पिनकोड नीट काढलाय. माहेनूर.


हालगेवाडी
८ फेब्रुवारी

माहे,

ते लिहीत न्हाईत म्हणून मी लिहिते. तुजं नाव काढलं की टीव्हीचा आवाज वाढवतात.

झालं ते असं. झेंडा झाला, शाळेच्या पटांगणात सभा भरली. हे नवा सदरा घालून उठले. वाचलं लई छान. सेनापतीचं आलं तवा सगळं गाव जिलेबी इसरून ऐकत हुतं. मे महिन्याचं सोडलं आन् पुढं गेले. आग्रह करू नये ही विनंती म्हणाले तवा बायकांनी खरंच पदर डोळ्याला लावला, मी बी. मग मोठ्यानं म्हणाले, आता मी उठतो. आन् शंकरप्पाकडं बगितलं.

शंकरप्पा उठला न्हाय. तो डोळे पुसत हुता.

हे परत म्हणाले, आता मी उठतो. उभेच हुते, तरी म्हणाले. शंकरप्पा आपला मान हलवतोय. तिसऱ्यांदा म्हणाले तवा तो एकदाचा उठला. आन् म्हणाला, "मंडळी, भाऊ तीन-तीनदा सांगतायत. रीत म्हणून न्हाय, मनापासून सांगतायत. असल्या माणसाचा शब्द मोडायचं पाप माज्याच्यानं व्हायचं न्हाय. तुमी बी कुणी आग्रह करू नका!" बाळासो अर्धा उठला हुता तो परत बसला. टाळ्या काय वाजल्या म्हणतीस! लगेच शाल आली, नारळ आला. सरपंचांनी गळ्यात हार घातला.

ह्यांचा चेहरा, माहे. तुज्या अम्मीनं भाकरी परत नेली हुती ना, तसा.

तेवढ्यात बायकांतनं शिवबाई उभी राहिली. आजवर ती सभेत बोलली नव्हती. म्हणाली, "मकदूमभाऊ, उठा, खुशाल उठा. तुमचे लई उपकार हायेत. पण उद्या सकाळी पाणी कोण सोडणार? कुटला व्हॉल्व किती फिरवायचा हे कुणाला ठाव हाय? मे महिन्यासारखं होणार असंल तर आत्ताच सांगा, मी हंडा घासून ठेवते."

हे एका हातात नारळ, एका हातात कागद घेऊन उभे. मला वाटलं आता म्हणतात, बरं बाबा, मीच करतो. सगळं गाव तेच ऐकायला बसलेलं. एवढं म्हणाले असते तर खुर्ची परत ह्यांचीच हुती.

ह्यांनी कागद डोळ्याजवळ नेला. खोडलेलं हुतं तरी वाचलं. अडखळत वाचलं. चार दिवस कोरडं राहिलं, ती माजी चूक हुती. मग नारळ सरपंचांच्या हातात दिला आन् फळ्यापाशी गेले. शिवबाईला म्हणाले, "ये, खडू घे." सातही गल्ल्या, किती आटे, किती वेळ, वरच्या आळीचा दाब, कुटला व्हॉल्व अडकतो आन् त्याला कसं हळू घ्यायचं, सगळं सांगितलं. तास गेला. जिलेबी गार झाली. पोरींनी वह्यांत उतरून घेतलं, शिवबाईनं फळ्यावर लिहिलं. किल्ली तिथंच दिली. तीच आता अध्यक्ष हाय, कुणी दुसरं नाव घेतलंच न्हाय.

तवापासून हे असे बसलेत. तुज्यावर राग असंल असं वाटत हुतं, पण तसं बी न्हाय. रोज सकाळी आमच्या गल्लीला पाणी आलं की घड्याळ घेऊन नळापाशी बसतात. शिवबाई कुटं चुकतीय का ते बगत असतील. चुकत न्हाय ती. म्हणून जास्त तोंड पाडलंय.

मामी


सोलापूर
१३ फेब्रुवारी

मामू,

आज मस्करी नाही.

मी मुद्दाम लिहिलं ते भाषण. तुम्ही भाकरी मागितलीत आणि मी ताट उचलून नेण्याची व्यवस्था केली. 'रीत म्हणून नाही' हे वाक्य मी शंकरप्पाकाकांसाठीच घातलं होतं, ते साधे आहेत हे तुम्हीच लिहिलं होतंत की, म्हणजे उलटं लिहिलं होतंत. वाटलं, गावाचं भलं करतेय. खरं सांगायचं तर मला माझ्या वॉशिंग्टनचा प्रयोग करून बघायचा होता. तुमचं काय होईल याचा विचार मी केला नाही. रिटायर झाल्यावरचे सहा महिने तुम्ही एका ओळीत लिहिले होते आणि ती ओळ मी घाईत वाचली. परवा परत वाचली.

खोडलेलं वाचलंत ते मात्र माझं नाही. ते तुमचं.

नाटक झालं. सिद्धलिंगला मामीचं पत्र वाचून दाखवलं होतं. खुर्चीतून उठल्यावर तो नुसता उभा राहिला, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखा. नंतर टॉवेलाचा टोप निसटला, ते सोडा.

फोन करा. आवाज तुटला तरी चालेल.

माहेनूर


हालगेवाडी
२२ फेब्रुवारी

चि. माहेनूर हिस आशीर्वाद.

तुज्यावर रागावलो हुतो. चार दिवस. तू लबाड हायस, तुज्या आईवर गेलीस. शंकरप्पावर जास्त रागावलो. त्याला इचारलं, अरे, तुला काय सांगितलं हुतं? तर म्हणतो, भाऊ, सांगितलं हुतं, पण तुमी इतकं खरं बोलाय लागला की मला वाटलं आदी सांगितलेलं खोटं हुतं. आता ह्या माणसाला काय बोलायचं? सोसायटीचा माजी चेरमन.

पैला आठवडा वाईट गेला. साडेपाचला जाग येते. उठून बसतो. फोन बगतो, कुणाचा न्हाय. सातला पाणी येतं. माज्या हाताशिवाय येतं. एकदा मनात आलं, आज नको येऊ दे. मग तोबा तोबा म्हणून तोंड धुतलं. त्याच पाण्यानं.

पण मी घड्याळ घेऊन बसतो ते शिवबाईची चूक धरायला न्हाय. तुजी मामी जलमभर माजं मन ओळखत आली, हितं चुकली. कारण मी कुणालाच सांगितलं न्हाय. तुला सांगतो. कागदावर सांगाय सोपं पडतं, त्यात समोरच्याचं तोंड दिसत न्हाय.

फळ्यावर पाळ्या सांगत हुतो. प्रत्येक गल्लीला पाऊण तास, असं सांगत आलो. शेवटी पिंपळ गल्ली आली, म्हणजे आपली. तिला सव्वा तास. माहे, हे मी ठरवून केलं नव्हतं. पैल्या वर्षी एकदा व्हॉल्व बंद कराय उशीर झाला. कुणी बोललं न्हाय. दुसऱ्या दिवशी बी झाला. मग तीच येळ पडली. दहा वर्षं. शेजारी म्हणायचे भाऊंच्या गल्लीत राहिलं की पाण्याचं सुख. मी हसायचो. वरच्या आळीला दाब चढत न्हाय म्हणून टाकीला नावं ठेवायचो, इंजिनिअरला शिव्या द्यायचो. दाब कुटनं चढणार? पाणी हितं चाललं हुतं.

फळ्यापाशी तोंडावर आलं हुतं पाऊण म्हणायचं. कोण तपासणार हुतं? पण नुकतंच ते खोडलेलं वाचलं हुतं. मी सव्वा म्हणालो. शिवबाईचा खडू थांबला. तिनं माज्याकडं बगितलं. मग तिनं लिहिलं, सव्वा तास.

मला वाटलं दुसऱ्या दिवशी पाऊण करील. केलं न्हाय. तिसऱ्या दिवशी न्हाय. महिना होत आला, रोज बरोबर सव्वा तास सोडती. मिनिट कमी न्हाय. माजा मान राखती. रोज सकाळी नळापाशी बसून मी तो मान मोजतोय. तुज्या वॉशिंग्टनला कागद परत देऊन घरी जाता आलं. मी घरी गेलो तर नळ चालूच.

काल न राहवून तिच्याकडं गेलो. समितीच्या खोलीत बायका बसल्या हुत्या, खऱ्या सहाच्या सहा. मी म्हणालो, शिवबाई, जरा बोलायचं हाय. ती म्हणाली, "बसा भाऊ. पाण्याचं असंल तर अर्ज लिहून आणा, तुमीच लावलेली शिस्त हाय." खरं हाय, मीच लावलेली. दहा वर्षं लोकांकडनं अर्ज घेतले, स्वतः कदी लिहिला न्हाय. कसा लिहितात तेच सुचंना.

लिहिलाय. नक्कल सोबत जोडतो. तुजं शिक्षण झालंय, शुद्धलेखन बगून कळव. पण मजकुराला हात लावू नको. तुज्यावर आता माजा इश्वास न्हाय.

मामीला वाचाय दिला. ती म्हणाली, आता हंडे कमी भरणार. मग म्हणाली, द्या, मीच नेऊन देते, तुमी वाटेत परत फिरायचा.

मकदूम


(सोबत नक्कल)

प्रति,
मा. अध्यक्ष, ग्राम पाणी समिती, हालगेवाडी

विषय: पिंपळ गल्लीचे पाणी कमी करणेबाबत

महोदया,

मी खाली सही करणार, राहणार पिंपळ गल्ली, अर्ज करतो की आमच्या गल्लीस रोज सव्वा तास पाणी येते. इतर सर्व गल्ल्यांस पाऊण तास येते. सबब आमचे पाणी अर्ध्या तासाने कमी करून ते वरच्या आळीस द्यावे. वरच्या आळीस दाब का चढत नाही याचे कारण टाकी नसून अर्जदार आहे.

याबाबत गल्लीतील कोणी तक्रार केल्यास त्यांस अर्जदाराकडे पाठवावे.

सदर अर्ज करण्यास दहा वर्षे उशीर झाला. तरी माफी असावी. आणि माझ्याकडे बघून सवलत देण्यात येऊ नये. मी कोणी आग्रह केला तरी घेणार नाही.

कळावे,
मकदूम
नागरिक